मला कडेवर का घेतलंस

आये, आज वारा चांगला आहे. बोंबील लवकर वाळतील, म्हणून खळ्यावर सावलीला बसून तुला लिहितेय. चौथीपर्यंतच शिकलेली मी, अक्षर वाकडं आहे, तू रागावू नको. लेक मासळीच्या पाटीजवळ कुरमुरे खात बसलीय. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगायचे, हे तूच शिकवलंस मला. पहिल्या दिवशी मी घाईत चार-पाचांची तोंडं फाडली, ते वाळूत पडले, आणि तू माझ्या हातावर फटका दिलास. बोललीस, "हात थरथरला तरी चालेल, पण घाई नको." ते मी अजून ऐकते. तलासरीच्या बाजूच्या बाया पावसाआधी सुकं घ्यायला येतात ना, त्या माझे बोंबील उलटसुलट करून बघतात आणि गप घेऊन जातात.

पण मला तुला दुसरंच सांगायचंय. मी सात-आठ वर्षांची होती, तू मत टाकायला शाळेत चालली होतीस. बाबा दर्यात बुडाले त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. रांगेत मी तुझा पदर धरून उभी, आणि खोलीच्या दाराशी आल्यावर तू मला उचलून कडेवर घेतलंस. सगळ्या बाया हसल्या. एक बोलली, "काय गो, एवढी घोडी कडेवर? लग्न लाव आता तिचं." मला इतकी लाज वाटली. नेहमी डाव्या कडेवर घ्यायचीस, त्या दिवशी उजव्या कडेवर. आणि आत तुझं कोपर माझ्या मांडीला टोचलं, ते आठवतंय. बाहेर आल्यावर तू मला फुटाणे घेऊन दिलेस. त्या मतानंतर खळ्यावर नळ आला. त्याआधी मासळी धुवायला पाणी डोक्यावरून आणायचो आपण. तू कोणाला मत दिलंस ते मी कधी विचारलं नाही. पोरीने काय विचारायचं.

आता ऐक. या पंचायतीला बायांच्या जागेवर शेठची सून उभी राहिली. माझा नवरा शेठच्याच बोटीवर खलाशी आहे. शेठ सगळ्यांना सांगत होता, खळ्याची जागा मोकळी करू, मुंबईचे लोक येतात त्यांच्या गाड्या लावायला होईल, खोल्या बांधू. बोटवाल्यांना काय, त्यांची मासळी बर्फात जाते. खळं लागतं ते ज्यांची बोट नाही त्यांना. म्हाताऱ्या, नवरा गेलेल्या, माझ्यासारख्या. म्हणून बोंबील टांगायची तुझ्या शेजारची वलांडी जिची होती, ती मावशी उभी राहिली. ती घरोघर फिरून एवढंच बोलायची, "मी आली तर खळं खळंच राहील. बाकी मला काय येत नाय." नवरा मला बोलला, "मशीनवर सगळ्यात वर कपाटाची निशाणी आहे, ती दाब. मावशी भली आहे, पण आपल्याला बोटीवर राहायचंय." तो वाईट नाही आये. तोही घाबरलेला.

आपल्याकडे तुझ्या वेळेपासून सगळे बोलतात ते तुला ठाऊक आहे. मशीनला पुढून पुठ्ठा असतो, पाठीमागून उघडं. शेठचा माणूस मागे बाकावर बसतो आणि कोपर बघतो. कोपर वर तर वरचं बटण, खाली तर खालचं. कपाट वर, मावशीची छत्री पार खाली. मला मताच्या आदल्या दिवशी जेवण गेलं नाही. शाळेत गेली तर तोच बसलेला. लेक माझी तीन वर्षांची, चांगली धावते, तिला मी उचलून घेतली.

तो बोलला, "वैनी, पोरीला खाली ठेव की. चालते ना ती."

"ताप आहे तिला."

"ताप आहे नि कुरमुरे खातेय?"

शाईवाली बाई बोलली, "अहो जाऊ द्या त्यांना, रांग किती आहे." मी पुठ्ठ्यामागे गेली. बाकीच्या जागांची बटणं नवऱ्याने सांगितली तशी दाबली. मग पोरीच्या फ्रॉकखालून हात घातला. माझं कोपर तिच्या मांडीला लागलं. ती बोलली, "आई, टोचतंय."

आये, मी तिथेच उभी राहिली. शाईवाल्या बाईने विचारलं, झालं का? मी छत्री दाबली.

घरी नवऱ्याने विचारलं, "दाबलंस ना?" मी बोलली, दाबलं की. खोटं कुठे बोलली मी. मावशी आली निवडून. आमच्यासारख्या पुष्कळ जणींनी दाबलं असणार, कोणी कोणाला सांगत नाही. शेठ चार दिवस सगळ्यांकडे बघत होता, पण कोणाकोणाला काढणार, बोट तर चालवायचीय. नवरा आहे बोटीवर. खळं आहे. मावशी सदस्य झाली तरी माझ्या बाजूलाच बोंबील टांगते आणि माझी दोरी ढिली आहे म्हणून शिव्या देते.

हे पत्र मिठाच्या डब्यामागे ठेवणार. तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं, मीच वाचून दाखवलं असतं. एक सांगते. लेकीला उचललं तेव्हा मला तुझी आठवण नव्हती, नुसती भीती होती. तुझी आठवण तिला टोचलं तेव्हा आली. मी सगळ्यांना सांगत आली की माझी आये कोणाला घाबरायची नाही. तू पण घाबरलेली होतीस. हे कळल्यापासून मला बरी झोप लागते.