बाण थांबला की भात लाव

पुरिंग,

तू चर्चमधून येशील तोवर मी होडीनं इलोइलोला पोचलेला असेन. कॉम्प्युटर चालू आहे, बंद करू नकोस. जहाजं दाखवणारी ती साइट उघडी ठेवलीय. नकाशावरचा हिरवा बाण म्हणजे आपल्या नोनॉयचं जहाज, आणि ते आज इलोइलोच्याच बंदराला लागतंय.

हो, मागे मी गल्लीभर सांगितलं होतं, की पोराचं जहाज बर्फ फोडत उत्तर ध्रुवाला धडकलं आणि कप्तानानं अस्वलाला सलाम ठोकला. ते त्याच नावाचं दुसरंच जहाज निघालं, त्याला मी काय करू? अस्वल मात्र खरं होतं. या वेळी नावावर गेलो नाही, जहाजाचा नंबर ताडून पाहिलाय. वाऱ्याची साइट म्हणते समुद्र शांत आहे, आणि माझा गुडघाही तेच म्हणतो.

तो भांडून गेल्यापासून तुझं एकच, "त्याचं नावसुद्धा काढू नका माझ्यापुढे!" मग काल पडद्यावर, नेमकं त्या बाणाशेजारी, पिठाचं बोट कुणाचं उमटलं होतं? बिबिंकाचं पीठ मी कालवत नाही, आणि मांजराचं बोट एवढं मोठं नाही. मी ते पुसलेलं नाही.

"आईनं जेवायला बोलावलंय," असं मी त्याला सांगणार आहे. आजवर माझ्या सगळ्या थापा तू चारचौघांत मोडल्यास. एवढी एक मोडू नकोस.

बाण थांबला की भात लाव. तिघांचा.

तुझा,
आम्ब्रो