लोव्रेच्या हातातला एक्का

३ मे

हरला! निवडणूक नव्हे, तिला अजून अवकाश आहे. ब्रिश्कुला! बंदरावरच्या बारमध्ये, सगळ्या गावादेखत, पत्त्यांचे सगळे डाव हरला. जोडीदार बार्बा श्पिरो. जन्मभर बोट हाकली, आता पत्ते हाकतात.

"अरे, तुझ्या तोंडाकडे बघून बघून मी आंधळा झालो!" बार्बा ओरडले. "एक्का होता तर सांगायचं ना!"

खेळताना बोलायला बंदी, पण जोडीदाराला खुणा करायच्या — खेळ चालतो तोच त्यावर. हुकमाचा एक्का आला की ओठांचा चंबू. तिर्री आली की तोंड वाकडं. हात रिकामा असेल तर डोळे मिटायचे. बेटावरचं शेंबडं पोरसुद्धा हे करतं. माझा नवरा नगराध्यक्ष व्हायला निघालाय आणि चेहरा म्हणजे भिंत!

४ मे

बार्बा घरी आले. पाणी घातलेली वाइन प्यायले आणि लोव्रेसमोरच मला म्हणाले, "पेरिना, पोरी, नवरा तुझा हुशार आहे. पण लोक म्हणतात, याच्या हातात काय आहे ते जोडीदारालाही कळत नाही. अशाला बंदर कसं सोपवायचं?"

कान सोनारानेच टोचावे. मी सांगून थकले होते.

आधी पोलिसात, मग गुप्तचर खात्यात, मग मंत्रालयात सचिव. त्याची प्रत्येक बढती मला टीव्हीवरून कळली. ओसियेकला बदली झाली, ते तर सामानाच्या ट्रकवाल्याने सांगितलं! सरकार पडलं, खुर्ची गेली, तेव्हा मी गुपचूप चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले. घरी आलो ना आम्ही! आईची ऑलिव्हची झाडं, समोरच्या गल्लीत बहीण. मला इथून हलायचं नाही. मेले तरी नाही.

"निवडून आलो की इथेच. झाग्रेब संपलं," तो म्हणाला.

"शपथ?"

"शपथ."

चेहरा — भिंत. खरं की खोटं, कुणी सांगावं? पण गावाने बांधून ठेवला तर राहील. म्हणून जिंकायलाच हवा.

७ मे

आरशासमोर उभा केला. चंबू कर म्हटलं, तर व्हिनेगर प्यायल्यासारखं तोंड!

"मला नाही जमणार, पेरिना. मी दुसऱ्यांची तोंडं वाचायचो. आपलं दाखवायचं नाही, हीच तर नोकरी होती."

"आता दाखव! पगार मी देते."

तोंड वाकडं कर म्हटलं तर मानच वाकडी. हसून हसून माझं पोट दुखलं. शेगडीवरची पालेभाजी करपली ती करपलीच. मग तोही हसला. किती वर्षांनी!

१० मे

आता खोड जात नाही! मासळीबाजारात चांगली डेंटेक्स हाती लागली आणि ओठांचा चंबू. कोळीण म्हणते, "लोव्रे, मत देईन हो, मुका नाही!"

१४ मे

सगळे डाव जिंकले! बार्बा खुर्चीवर चढून नाचले. "बोलला रे बोलला, दगड बोलला!" सगळा बार त्याच्या पाठीवर थापा मारत होता. मी बाहेर उभी राहून पाहिलं. हा माझाच उद्योग, हे कुणाला ठाऊक नाही. नसू दे.

झाग्रेबमध्ये नवं सरकार बसतंय. माणसं शोधताहेत म्हणे. बातम्या लागल्या की मी टीव्ही बंद करते.

१८ मे

आला निवडून!!! दक्षिणेचा वारा सुटला होता, डोकी दुखत होती, तरी लोक मत द्यायला आले. रात्री बंदरावर गाणी. बार्बांनी मला मिठी मारली — "पोरी, आता हा आपला!" मी रडले. लोव्रे म्हणाला, "वेडी की काय!" मी बहिणीकडे जाऊन पुन्हा रडले.

२१ मे

सकाळी कॉफी घेताना फोन आला. तो उठून गच्चीवर गेला, दार ओढून घेतलं. परत आला.

"कोण होतं?"

"कुणी नाही. चुकीचा नंबर."

आणि ओठांचा चंबू झाला.

मी उठले. बॅग काढली आणि भरली. फक्त त्याचे शर्ट.