'क'ची शेपटी

३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी नात आता कुशीवर वळायला लागली. सगळ्यांकडे अशी बघते, जणू हिनेच आम्हाला लहानाचं मोठं केलंय! लेकीची सुट्टी संपत आली, महिनाअखेर दोघी परत जातील, आणि तू अजून बाळाचं तोंडही पाहिलेलं नाहीस. तुझा गुडघा दुखतो हे मान्य, पण बसमध्ये बसूनच यायचं असतं ना? शिवणाचं दुकान टाकून मला हलता येत नाही. तेव्हा सबबी पुरे, ये.

रागावलेली तरी तुझीच,
धाकटी

९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि नातीच्या दोन्ही गालांचे पापे.

बसमध्ये बसायचं असतं गं, पण थांब्यावर उभं राहायचं असतं! आमच्या थांब्यावर नुसता एक खांब आहे, आणि बस येते तिच्या मर्जीने. मागच्या खेपेला मी त्या खांबाला मिठी मारून उभी होते, तर पोस्टमन विचारून गेला, हे कोण लागतात तुमचे? शेवटी गुडघ्याने हात टेकले आणि मी घरी परतले.

काल ग्रामपंचायतीत अर्ज दिला, थांब्यावर एक बाक द्या म्हणून. सरपंचबाई न वाचताच म्हणाल्या, लगेच करू. बाक आला की मी आलेच. तोवर नातीला जाऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. आधी खाली बस, मग वाच.

काल थांब्यावर टेम्पो आला. मी धावले, म्हणजे माझ्या परीने. उतरलं काय, तर गुलाबाची रोपं, खताची पोती आणि एक माळी! बाक कुठे आहे विचारलं, तर तो म्हणाला, कसला बाक, मंजुरी बागेची आहे.

तशीच पंचायतीत गेले. कारकुनाने माझा अर्ज पुढे केला. शाळेत बाई मला शेपूटतोडी म्हणायच्या, आठवतं? माझ्या 'क'ला शेपटी कधी फुटलीच नाही. 'बाक'चं झालं होतं 'बाव', आणि कारकुनाने बराच विचार करून त्या 'व'चा 'ग' केला होता. सभेत सगळ्यांना बागेची कल्पना इतकी आवडली की टाळ्या वाजवून ठराव पास! आता बाकाचा विषय पुढच्या महिन्यात. नात तोवर गेलेली असणार. मला तिथेच रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन.

माळी रोपांचं विचारायला आत आला होता. तो गोंधळून म्हणाला, आजी, रडता कशाला, बाग म्हटली की बाक आलेच, उद्या दोन बसवतोय. मागितला एक, मिळाले दोन, वर गुलाब! शुक्रवारी येते.

आनंदाने वेडी झालेली,
ताई

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेक आणि नात सुखरूप पोचल्या. तुझा चष्मा ओढल्याशिवाय बाईसाहेबांना करमत नाही म्हणे.

शुक्रवारी बस रिकामी आली तेव्हा मी थांब्यावरच तुझ्या नावाने बोटं मोडली होती. आणि तू पुढच्या बसमधून हसत उतरलीस! बाकावर गप्पा रंगल्या म्हणून पहिली बस डोळ्यांदेखत जाऊ देणारी तूच. तू नातीला उराशी धरलंस तेव्हा मात्र माझा सगळा राग विरघळला.

पण परतताना तुला आमच्या थांब्यावर माझ्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसवावं लागलं, याची मला फार लाज वाटली. म्हणून आज आमच्या ग्रामपंचायतीत अर्ज दिला. एकच बाक मागितलाय. अक्षर माझं मोत्यासारखं, तुला ठाऊकच आहे.

फक्त 'क'ची शेपटी तेवढी मुद्दाम तोडली.

माया आहे तशीच राहू दे, गुडघा तेवढा बदल.
तुझी,
धाकटी