खडू कोरडाच

रेणापूर, सोमवार संध्याकाळ

मोजणीच्या फितीला खडू फासून ती विहिरीत सोडायची, भिजला तिथवर पाणी. आज खडू कोरडाच वर आला. पुन्हा सोडली. पुन्हा कोरडाच. दुसऱ्यांदा कशाला सोडली मी?

काठावर घागर घेऊन बसलेल्या कोंडाबाईंनी विचारलं, "सायब, लई खाली गेलंय का पाणी?"

"मावशी, तळाला नुसता मुरूम आहे."

"जिल्हा नवा झालाय न्हाई का? आता टँकर तरी लवकर यील."

मी पिशवीतून फॉर्म काढला.

भूजल खात्याच्या फॉर्मवर 'लातूर जिल्हा' नव्यानं छापलंय, पण कोरड्या विहिरीसाठी रकाना नाही. पातळीची जागा रिकामी ठेवली की फॉर्म परत येतो. म्हणून मागच्या खेपेचाच आकडा भरून टाकला.

आता कागदावर त्या विहिरीत पाणी आहे. टँकर येणार नाही.