लेहला जायचा महिना

कामठा, तालुका गोंदिया
अक्षय तृतीयेनंतरचा सोमवार

उंचावर राहणाऱ्या माझ्या नातीस, भूमेश्वरीस, खालच्या रामबाईचा, म्हणजे तुझ्या आजीचा, पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे जागच्या जागी आहेत. तुझ्या बाबाचा गुडघा, माझी दाढ आणि गोठ्यातली काळी गाय, तिघंही कुरकुरतात, पण चालून राहिले आहेत. तुझं नाक फुटणं थांबलं का? कोरड्या हवेत नाकाला खोबरेल लावत जा. तेलाचा दगड होतो म्हणतेस, तर बाटली चुलीजवळ ठेव. (हीटरजवळ, असं तुझी आई प्रेमिला म्हणते. बरं, हीटरजवळ.) पत्र तुझी आई लिहून राहिली आहे, कारण मला अक्षरं येत नाहीत आणि तिला नाही म्हणता येत नाही. फोनवरच बोलले असते, पण तुमच्याकडचा फोन ऐन गोष्टीत तुटतो.

तू विचारलंस, आजी, पुढच्या वर्षी माझी बदली होईल, लेह पाहायचं तर याच वर्षी, महिना तू ठरव. हे मी गावात ज्याला त्याला सांगितलं. ज्यांनी विचारलं नाही त्यांना आधी सांगितलं. रामबाईची नात हिमालयात रस्ते बांधते, आणि त्या रस्त्यावरून आजीनं कधी यावं हे आजीलाच विचारते! एवढी इज्जत तर तुझ्या आजोबांनी मला लग्नाच्या दिवशीही दिली नव्हती.

मग मी महिने निवडायला बसले, सुपात तांदूळ घेऊन बसते तशी. हिवाळा पहिल्याच हाताला बाजूला काढला. नळात बर्फ होतो म्हणतेस, मग आंघोळ कशानं करता? (उत्तर देऊ नको, मला समजलं.) मार्च-एप्रिल तर मोहफुलं वेचण्यातच सरले, आणि तिकडे तेव्हा थंडीही सरत नाही. मे महिन्यात आपल्या पोवारांची लग्नं. मी गेले नाही म्हणून कोणाच्या पंगतीतले सुवारी-बडे बिघडत नाहीत, पण बिघडले तर तोंडावर सांगणार कोण? जूनमध्ये धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे. ऑगस्टात गोकुळाष्टमीचा कानोबा बसतो, त्याच्या पाठीला पाठ लावून पोळा. सप्टेंबरात धानातलं गवत काढायचं. ऑक्टोबरात हलका धान कापणीला येतो. दिवाळीनंतर गावची जत्रा, मंडई, आणि मंडईला घरची म्हातारी दिसली नाही की पाहुणे हळू आवाजात विचारतात, "कधी गेली?"

राहिला जुलै. त्याची चौकशी करायला मी प्रेमिलाच्या गाडीवर मागे बसून गोंदियाला गेले. वाटेत कुडवा गावापाशी तिनं असा ब्रेक मारला की अर्धं लेह मला तिथंच दिसलं. (लिही, लिही. थांबू नको.) तिकिटांच्या दुकानातला भुपेंद्र नावाचा पोरगा छातीवर हात ठेवून म्हणाला, "माताजी, जुलाई सबसे बढ़िया. धूप, फूल, रास्ते खुले." मी म्हटलं, "अन् इकडे धानाची रोवणी कोण करेल, तू?" तो म्हणाला, "वो पैकेज में नहीं है."

आता तूच सांग. या घरात आल्यापासून आपल्या बांधीतली एकही रोवणी माझ्याशिवाय झाली नाही. बांधावर मी नुसती उभी राहिले तरी बायांची ओळ सरळ येते. मागच्या साली मी तापानं फणफणले तेव्हा प्रेमिलानं रोवणी उरकली. ओळ बरी होती. (बरी, एवढंच लिही. पुढे काही जोडू नको.) पण तिचं ध्यान ठिकाणावर नसते. सकाळी चहा ठेवायच्या आधी मोबाइलमध्ये लेहची थंडी पाहते. परवा आपल्याच अंगणात पाऊस आला, वड्या भिजल्या, आणि ही मला सांगून राहिली की तिकडे आज ऊन आहे.

तरी मी हिंमत सोडली नाही. तू म्हणाली होतीस, उंचावर दम लागते. दम किती लागते ते आधी पाहून घ्यावं म्हणून गावातलं सगळ्यात उंच ठिकाण शोधलं. ती पाण्याची टाकी. सकाळीच पदर खोचला आणि चढले. वर पोचून बसले, दम मोजून पाहिला, ठीक होता. सुपारी तोंडात टाकली. खाली पाहते तर अर्धा कामठा गोळा झालेला. टाकीवर माणूस चढला म्हणजे आंदोलन, एवढंच लोकांना ठाऊक! सरपंच जियालाल तसाच दाढीचा साबण लावलेला धावत आला आणि ओरडला, "आजी, उडी मारू नका! काय मागणी आहे?"

मी म्हणणार होते, काही नाही रे बाबा, लेहला जायचं आहे. पण एवढी माणसं कामंधंदे सोडून आली, त्यांना रिकाम्या हातानं कसं पाठवावं? आणि वरून मला आपल्या शेताला पाणी देणारी नहर पूर्ण दिसत होती. वळणाशी गाळ आणि झुडपं, त्यापुढे पाण्याचा थेंब नाही. मी ओरडले, "नहर साफ करा, मग उतरते!" दुपारी मशीन आलं, पोरी. मशीन! तुझे बाबा दोन साल अर्ज देऊन राहिले होते. आता लोक मला वाटेत थांबवून विचारतात, आजी, पुन्हा कधी चढता?

तर अशी तुझी आजी. तू तिकडे डोंगर फोडतेस, मी इकडे टाकीवर सुपारी फोडते. महिना मात्र कोणताच जमत नाही. नाराज होऊ नको. तिकडच्या लोकांना सांग, आमच्या घरचा पाहुणा कामात आहे.

तुझी,
रामबाई (अंगठा उमटवला आहे)

ता. क. शेजारच्या रुख्माला सुकलेले जर्दाळू पाठव. मी कबूल करून बसले आहे.

आणखी एक ता. क. हे रुख्माच्या हातचं अक्षर आहे, बोल माझेच, तुझ्या आजीचे. तुझी आई भात उतरवायला गेली, तेवढ्यात ऐक. तिकीट जुलैचंच काढ, आणि तुझ्या आईच्या नावानं. दीड साल झालं, तिनं तुला डोळ्यांनी पाहिलं नाही. ती तोंडानं मागणार नाही. रोवणी मी पाहते. तिला सांग, तुमच्या क्वार्टरमध्ये फक्त आईलाच राहू देतात, आजी चालत नाही. मी सांगितलं असं म्हणू नको, नाही तर ती जाणार नाही. तिची ओळ माझ्यापेक्षा सरळ होती, हेही तिला कळू देऊ नको.

भूमे, आता मी लिहून राहिले आहे, तुझी आई. आत्याबाईंनी, म्हणजे तुझ्या आजीनं, पत्ता लिहायला लिफाफा माझ्याकडेच दिला, तोही उघडा. तिकिटं दोन काढ, जुलैचीच. टाकीवरून उतरल्या तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. बीपी चांगला आहे, गोळ्या सोबत ठेवा आणि पोचल्यावर दोन-तीन दिवस नुसतं झोपून राहा म्हणाले. एवढं झोपायचं ऐकून त्या डॉक्टरांवर चिडल्या, म्हणून तुला कळवलं नाही. त्यांना झोपवणं तुझं काम. या साली रोवणी तुझे बाबा करतील. त्यांना अजून माहीत नाही. आत्ता दारातून विचारून गेले, दोघी मिळून एवढं काय लिहून राहिल्या. मी म्हटलं, खुशाली.