थंड व्हायच्या आत

आई, आज बोईसरच्या ऑफिसातून आले आणि चहासुद्धा न करता लिहायला बसले. मी काय काम करते हे तुला कधी कळलंच नाही, त्याआधीच तू गेलीस. लडाखमधल्या एका आडबाजूच्या खोऱ्यात जमिनीखालच्या गरम पाण्यावर वीज करायची आहे आणि त्या केंद्राचं डिझाइन माझ्याकडे आहे. बाबांनी तारापूरला ज्या केंद्रात जन्मभर पाळ्या केल्या, त्याच्यापुढे हे अगदी खेळण्याएवढं. पण मला हे काम मिळालं तेव्हा पहिली तू आठवलीस, कारण गरम पाणी म्हटलं की मला अजून सातिवलीची कुंडंच दिसतात.

आपल्या माहीम गावच्या वाडीत पानवेलींच्या ओलीत उभी राहून राहून तुझे गुडघे धरले होते. थंडी पडली की तू मला घेऊन एसटीने सातिवलीला निघायचीस. फडक्यात तांदळाची पुरचुंडी बांधून कुंडात सोडायचीस, काठावर बसून पाय शेकायचीस, आणि घरी कधीच नसायचीस इतकी गप्प असायचीस. एकदा मी बाबांसाठी बाटलीभर पाणी भरून घेतलं. रात्रपाळी करून त्यांचेही पाय सुजायचे, म्हणून. एसटीच्या थांब्यावर तुला पिशवी गरम लागली. तू मला हाताला धरून जवळजवळ ओढतच परत कुंडापाशी नेलंस. एसटी गेली, मी रडायला लागले. एक बाटली परत नाही दिली तर कुंड काय आटणार होतं, असं मी विचारलं. तू बाटली माझ्याच हातात दिलीस आणि म्हणालीस, "ऊन हाय तवर वत. थंड करून दिलेलं त्याच्या काय कामाचं?" मला तो निव्वळ तुझा हट्ट वाटला होता.

त्या खोऱ्यात एक झरा आहे. हिवाळ्यात सगळं गोठतं तेव्हा मेंढपाळ त्याच्याभोवती तंबू टाकतात, नुकती जन्मलेली कोकरं त्या ऊन जमिनीवर निजवतात. मी डिझाइन केलं तेव्हा वर काढलेलं सगळं पाणी दुसऱ्या विहिरीतून परत खाली सोडायचं ठरवलं. एक थेंबही बाहेर टाकायचा नाही. बैठकीत हे सांगताना मला तुझी बाटली आठवली होती आणि आतून फार बरं वाटलं होतं. चाचणी उन्हाळाभर चालली. पाणी परत जात होतं, पण त्यातली ऊब आम्ही काढून घेतलेली होती. थंडीच्या तोंडाला मी तिथे गेले तर झऱ्याच्या कडेला बर्फ धरलेला. पाण्यात हात घातला, नुसतं कोमट. एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली, तिनेही हात घातला, आणि माझ्या तोंडाकडे बघत काहीतरी बोलली. ड्रायव्हरने हिंदीत सांगितलं, "पूछ रही है, पानी बीमार है क्या?" मी ओला हात पुसून खिशात घातला, आई. इंजिनियर म्हणून मला त्याचं उत्तर येत होतं.

परतीची विहीर झऱ्यापासून लांब न्यावी, तर एका बाजूला पक्ष्यांचं अभयारण्य, तिथे खोदायला बंदी; दुसरीकडे अखंड खडक, पाणी मुरतच नाही. केंद्र रद्द झालं, तर तिथल्या वसतिगृहातली मुलं आणखी किती हिवाळे डिझेलच्या जनरेटरच्या धुरात खोकत काढणार. मी चारी बाजूंनी बघितलं, वाट नाही. आज साहेब शांतपणे म्हणाले, झरे असे कमीजास्त होतच असतात, आपण अहवालात तसंच लिहू, सोमवारी नकाशे मंजुरीला जाऊ देत. मी सही करणार नाही, असं सांगून आले. ते रागावलेसुद्धा नाहीत. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीला त्यांनी आत बोलावलं. तिच्या घरी म्हातारे आईवडील आहेत; ती करेल सही, आणि तिला मी दोष देणार नाही. माझ्या नाही म्हणण्याने ते पाणी परत ऊन होणार नाही. मला वाटायचं, नीट अभ्यास केला, नियत साफ ठेवली, की कुणाचं काही न हिरावता काम करता येतं. आता ते वाटत नाही, आणि त्याच्या जागी दुसरं काही सापडत नाही.

हे पत्र घडी करून तुझ्या पानाच्या डब्यात ठेवते. पाठवू कुठे? आणि एक सांगायचं राहिलं. पहिल्यांदा त्या खोऱ्यात गेले, तेव्हा झरा चांगला वाफाळत होता. तुझी आठवण म्हणून मी त्यातलं बाटलीभर पाणी घरी आणलं होतं. ते समोर टेबलावर आहे, केव्हाच थंड झालेलं. मघाशी ओतून टाकायला मोरीपर्यंत नेलं, आणि तसंच परत आणून ठेवलं.