माझ्या दुकानात हजार खेळांचा बोर्ड येणार नाही

आधी हिशेब. एकात हजार खेळ असलेला मल्टी बोर्ड, म्हणजे व्हिडिओ गेमच्या मशीनच्या पोटातली सर्किटची पाटी, माझ्या धाकट्या भावाने मला ‘घरचा भाव’ म्हणून अडीच हजाराला दिला. त्याला माझी जुनी वायरिंग जुळेना, नवी घातली, सातशे. सोबत फुकट आलेला पॉवर सप्लाय आठवड्यात धूर काढून गेला, दुसरा आणला, बाराशे. बटणे सहा लागतात, माझ्या मशीनला तीन, म्हणून सुताराकडून फळी पुन्हा कोरून घेतली, चारशे. आणि हा बोर्ड लावून दाखवताना भावाने माझा अस्सल बोर्ड जाळला, जो आता कोणत्याच भावाने मिळत नाही. म्हणजे अडीच हजाराची वस्तू मला एक चालते मशीन आणि एक भाऊ, एवढ्याला पडली. वारसांनी हा हिशेब पाठ करावा. पुढची कलमे त्याच्यावर उभी आहेत.

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा व्हिडिओ गेमचे दुकान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दुकानाच्या मागच्या खोलीत, दार उघडे ठेवून लिहीत आहे. लिहिताना मोठ्याने म्हणायची मला सवय आहे, त्यामुळे यात लपवाछपवी काही नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालील असा माणूस या घरात अजून जन्मायचा आहे. डोके ठिकाणावर आहे. ते तपासायला आलेले डॉक्टर समोर बसून माझाच चहा पीत आहेत. कान तर विशीत होते त्याहून तिखट आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणालेच, तर तो खोटे बोलतो आहे, आणि तो बहुधा माझा भाऊ आहे.

कलम एक. राहते घर, वरच्या खोलीसह, माझ्या पत्नीला पूर्ण मालकी हक्काने. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारता मारता मी धंदा शिकलो आणि पहिले मशीन मोडक्या अवस्थेत उचलून आणले, तेव्हा ते ठेवायला जागा नव्हती. हिने ते बाहेरच्या खोलीत उभे करू दिले. पुढे सहा महिने ती हातात पातेले घेऊन त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जात होती. एकदाच म्हणाली, “अहो, याला निदान पाहुण्यासारखं कधी जायचं ते तरी सांगा.” घर तिचेच आहे, मी फक्त लिहून देत आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक निम्मी पत्नीला, निम्मी मुलीला. रक्कम इथे लिहीत नाही, कारण हा कागद माझा भाऊ वाचणारच आहे.

कलम तीन. दुकानातली सर्व हत्यारे, म्हणजे सोल्डरिंगची गन, मीटर, चिमटे, पकडी आणि खोक्यातले सुटे भाग, माझा मेकॅनिक कथल्या याला. बोटांना कायम कथील लागलेले असते म्हणून हे नाव. खरे नाव त्यालाही पटकन आठवत नाही. मीटर त्याने आपला मानल्याला बरीच वर्षे झाली, आता कायद्यानेही मानावा.

कलम चार. धाकटा भाऊ. मल्टी बोर्ड विकतो म्हणून सगळा बाजार त्याला ‘हजारी’ म्हणतो, आणि याने ती पदवी समजून दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतली आहे. त्याला माझ्या मिळकतीतून एकच वस्तू जाईल: मशीन क्रमांक तीनचा जळका बोर्ड. तो फळीवर ठोकून, वर काच लावून, हजारीच्या गल्ल्यावर गिऱ्हाइकाला दिसेल असा टांगावा. खर्च माझा.

कारण नोंदवून ठेवतो. बोर्ड मशीनला एका लांब सॉकेटने जोडतात. त्या सॉकेटात एका जागी प्लास्टिकची बारीक पाचर असते. ती असली की बोर्ड उलटा जातच नाही. तीन नंबरातली ती पाचर हजारीने चिमट्याने उपटून काढली, का, तर त्याच्या मल्टी बोर्डाला ती अडत होती. नमुना दाखवून झाल्यावर माझा बोर्ड परत लावला तो उलटा. मी ओरडलो, “अरे, बघून लाव!”

“दादा, मी दिवसाला पन्नास लावतो,” म्हणाला, आणि बटण दाबले.

आवाज काहीच आला नाही. वास आला.

वर मला म्हणतो कसा, “जुनाच होता, दादा. वय झालं की जातंच.” मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे. हे वाक्य मी त्याला विसरू देणार नाही, मेल्यावरसुद्धा नाही.

कलम पाच. दुकान, त्यातली सहा मशीने, गल्ला, टोकनांचे डबे आणि शटरच्या किल्ल्या माझ्या थोरल्या मुलीला. ती एकुलती एकच आहे, पण जन्मापासून थोरलीसारखी बोलते म्हणून थोरली. दुकान तिलाच का, याला कारण नको. अट मात्र आहे, आणि अटीला कारण आहे.

बाजारात लोक मला विचारतात, मल्टी बोर्ड घ्यावा का? एका डब्यात हजार खेळ, फायद्याचे नाही का? मी आणि थोरलीने एक रविवार बसून ते हजार खेळ मोजले. खरे निघाले एकशे दहा. बाकी तेच ते, नाव बदलून, कपड्यांचा रंग बदलून. उभ्या पडद्याचा खेळ आडव्या पडद्यावर येतो तो पाण्याच्या पाइपासारखा बारीक होऊन. बटण दाबले की पडद्यावरचा गडी आधी विचार करतो, मग उडी मारतो, तोवर मेलेला असतो. गिऱ्हाईक टोकन टाकते आणि नुसती यादी खालीवर करीत राहते, पन्नास ठाण उलगडायला लावून शेवटी हातरुमाल घेणाऱ्यासारखे. नाद एका खेळाचा लागतो, हजारांवरून नुसती नजर फिरते. तीन नंबरातला मल्टी मी दोन महिन्यांत उपटून हजारीच्या पायरीवर ठेवून आलो.

आणि आवाज! मल्टी बोर्डाचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे. गल्ल्यावर पाठ करून बसलो तरी कोणत्या मशीनवर कोण हरतो आहे ते मी सांगतो. अस्सल आणि नकली यांतला फरक मला शेजारच्या गल्लीतून कळतो. एक नंबरचे मशीन, तेच ते आमच्या बाहेरच्या खोलीतले, त्याचा आवाज ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. डोळे बांधून उभे करा मला. आजवर एकदाही चुकलेलो नाही.

~~कलम सहा. म्हणून अट. माझ्या कोणत्याही मशीनमध्ये ज्याने मल्टी बोर्ड बसवला असेल, बसवल्याचे पुढे उघडकीस येईल, किंवा माझ्या मागे जो बसवेल, तो माझ्या मिळकतीतून बाद. मग नाते रक्ताचे असो की कामाचे. त्याचा वाटा भंगारवाल्याला जावा. कोणी दयामाया दाखवू नये. मी दाखवत नाही.~~ (खोडले. लहान सही.)

कलम सात. मशीनांची यादी, प्रत्येकाच्या आत कोणता बोर्ड आहे त्यासह, इथेच लिहावी असे डॉक्टर म्हणाले. अपुऱ्या यादीपायी त्यांचे दोन मामा अजून कोर्टात भेटतात. म्हणून मी कथल्याला मशीने उघडायला लावली आणि उघडतील तशी लिहीत गेलो. सहा, अस्सल. पाच, अस्सल. चार, अस्सल, पण पंखा गेलेला. तीन, रिकामे, कलम चार पाहावे. दोन, अस्सल. मग कथल्या चहाचे कप उचलायला लागला.

“एक नंबर राहिला,” मी म्हणालो.

“किल्ली सापडत नाहीये, मालक.”

“मग कमरेला लोंबतेय ती कसली?”

“ही होय? ही सायकलची.”

“सायकल कधी घेतलीस?”

त्याने डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर काय सांगणार? तेवढ्यात थोरली गल्ल्यावरून उठून आली, त्याच्या कमरेची किल्ली काढून घेतली, एक नंबरचे मागचे दार उघडले आणि म्हणाली, “या बाबा. बघा आणि लिहा.”

आत मल्टी बोर्ड.

मी काय बोललो ते कागदावर येण्यासारखे नाही. माझे बोलून संपल्यावर ती बोलली. “चार वर्षांपूर्वी तुम्ही हर्नियाच्या ऑपरेशनला होतात तेव्हा जुना बोर्ड गेला. कथल्याकाकांनी तीनदा उभा केला, तीनदा पडला. तुम्ही घरी आल्याआल्या आधी यालाच बघायला येणार, आम्हाला विचारणारही नाही, हे मला माहीत होतं. म्हणून हा बसवला. यादी बंद केली, तुमचा एक खेळ चालू ठेवला, बाकीच्यांना कुलूप.”

“आणि आणलास कुठून?”

थोरलीने कथल्याकडे डोळे वटारले. मग कथल्याच्या तोंडून निसटले, “हजारीशेठनी दिला. पैसे नाही घेतले.”

“त्याला ठाऊक आहे? चार वर्षं?”

“काकाच म्हणाले, दादाला कळू देऊ नका, त्याचा जीव आहे त्या मशीनवर,” थोरली म्हणाली.

या चार वर्षांत मी हजारीला किती वेळा पायरीवर उभे करून, चार लोकांत, एक नंबर चालू करून सुनावले आहे! “ऐक, याला आवाज म्हणतात. तुझ्या डब्यातून असा येईल का कधी?” आणि तो मान खाली घालून स्वतःचाच बोर्ड ऐकत होता. मला वाटायचे, शरमला. एका वाक्यात माझे तोंड बंद करता आले असते त्याला, आणि त्याने केले नाही. या गोष्टीचा मला जळक्या बोर्डापेक्षा जास्त संताप आला आहे. कोणी सांगितला होता त्याला हा मोठेपणा?

मी एक नंबर चालू करायला लावले. कान टेकवून ऐकले. बंद करून पुन्हा लावायला सांगितले. डॉक्टर म्हणाले, “छान वाजतंय की.” त्यांना कोणी विचारले नव्हते.

थोरली तिथेच उभी. “सहाव्या कलमानं मी बाद ना? मग राहू दे तसंच. दुकान भंगारवाल्याला द्या. पण उद्या सकाळी शटर उघडायलाही त्यालाच बोलवा. तुम्ही खाटेवर होतात तेव्हा हे दुकान चाललं ते माझ्या जिवावर, तुमच्या कानांच्या नाही.”

ही भाषा तिने कोणाकडून उचलली हे सांगायला साक्षीदार नको. ती शटरच्या किल्ल्या माझ्या कागदावर ठेवून गल्ल्यावर गेली आणि एका गिऱ्हाइकाला हसून टोकने मोजून दिली. मी किल्ल्या उचलल्या. त्यांच्याखाली कलम सहाच होते.

कलम सहा मी खोडले. डॉक्टर म्हणतात, सगळे नव्या कागदावर उतरवा. उतरवणार नाही. खोडलेले वाचता आले पाहिजे. मी काय करायला निघालो होतो ते तिला दिसू दे, आणि मी ते केले नाही हेही दिसू दे. यादीत लिहितो: एक नंबर, मल्टी.

कलम आठ. दुकान थोरलीला, विनाअट. किल्ल्या आजच, मी मरायची वाट न पाहता. मल्टी बोर्डाबद्दल माझे शेवटचे मत, मागितले नसले तरी: हजार खेळांसाठी घेऊ नये, पैसे पाण्यात. ज्या खेळाचा अस्सल बोर्ड कायमचा गेला आणि ज्यासाठी माणसे अजून दारात येतात, त्या एका खेळासाठी घ्यावा. पॉवर सप्लाय वेगळा, चांगला घ्यावा. सॉकेटातल्या पाचरीला कोणालाही हात लावू देऊ नये, विशेषतः दिवसाला पन्नास लावणाऱ्याला.

कलम नऊ. कथल्या माझ्याशी खोटे बोलला, तेही सायकलवरून. त्याच्या हत्यारांतून मीटर कमी करावा. मीटर थोरलीला.

कलम दहा. हजारीचे कलम कायम आहे. फुकट दिलेल्या एका बोर्डाने जळलेला बोर्ड भरून निघत नाही. फळी गल्ल्यावर न टांगता आतल्या खोलीत टांगली तरी चालेल. पण टांगावी. आणि हा कागद वाचून तो रडायला लागला तर त्याला पाणी द्यावे. लहानपणापासून रडताना त्याला ठसका लागतो.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. रागात लिहिला आहे, पण चुकून लिहिलेला नाही. हत्यारे मिळणार म्हणून कथल्याची साक्ष चालत नाही. त्याच्या जागी शेजारच्या शिंप्याला बोलावले. मशीनांच्या आवाजावरून तो माझ्याशी वीस वर्षे भांडतो आहे, म्हणजे माझ्या बाजूने खोटे बोलणार नाही.

मृत्युपत्र करणार: व्हिडिओ गेम दुकानाचा मालक (सही)

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी (सही)

साक्षीदार दुसरा: डॉक्टर (सही)

स्थळ: दुकानाची मागची खोली

दिनांक: ११ मार्च २०१९

डॉक्टरांचा शेरा: आज तपासले. मन शाबूत, स्मरण उत्तम, निर्णय स्वतःचा. माणसाचे बोलणे नीट ऐकू येते. उंच पट्टीचे आवाज दोन्ही कानांना ऐकू येत नाहीत; बऱ्याच वर्षांपासून येत नसावेत.